छतावरची गाडी आणि तळघरातली रात्र

सल्ला मागणारं एक पत्र आलंय, ते थोडक्यात असं. लिहिणारा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचा. ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या एका टेक्निकल युनिव्हर्सिटीत गेलाय, थोडी स्कॉलरशिप आणि बाकी शिक्षणकर्ज, ज्याच्यासाठी राहतं घर तारण आहे. पहिले तीन आठवडे फार एकटे गेले. मग तिथल्या फ्रॅटर्निटींचा (एका घरात एकत्र राहणाऱ्या पोरांच्या क्लबांचा) 'रश' आला, म्हणजे नवीन पोरांना घरी बोलवून खाऊपिऊ घालून पारखायचा आठवडा, आणि एका फ्रॅटने त्याला 'बिड' दिलं, आमच्यात ये म्हणून. आता तो तिथला 'प्लेज' आहे, उमेदवार म्हणा. सहा आठवडे झाले. रविवारी सकाळी सीनियरांच्या पार्टीचा पसारा आवरायचा, रात्री दोनला फोन आला की खायला आणून द्यायचं, संस्थापकांची नावं पाठ म्हणायची आणि चुकलं की सगळ्यांसमोर ओरडून घ्यायचं. आता दोन गोष्टी उरल्यात. एक, प्लेज लोकांनी मिळून मेन बिल्डिंगच्या छतावर एक मोठी वस्तू गुपचूप चढवायची, तिथली जुनी परंपरा आहे आणि ह्या मुलाने त्यासाठी कप्प्यांची, म्हणजे पुलींची, सिस्टीम डिझाइन केलीये. दुसरी, 'शेवटची रात्र'. तळघर, फोन जमा, प्रत्येकाच्या हातात एक बाटली, ह्यापलीकडे कोणी काही सांगत नाही. हा पीत नाही. सीनियर म्हणतात जबरदस्ती कोणालाच नसते, आणि वर म्हणतात तुम्ही इंडियन लोक फार घाबरता. त्याचे प्रश्न: मी खरंच घाबरट आहे का? सोडलं तर सहा आठवडे वाया आणि छतावरचं कामही जाणार, मग करू काय? व्हिसाला धोका किती? घरी सांगू का? आणि त्याचा रूममेट, तोही प्लेजच आहे, तो काही झालं तरी राहणार म्हणतोय, त्याचं काय?

अरे, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना ओळी मोजल्या. कप्प्यांवर तू चौदा ओळी लिहिल्यास, दोर कुठला, वजन किती जणांत वाटायचं, कठड्याला ओरखडा पडू नये म्हणून खाली जुनं कार्पेट घालायचं इथपर्यंत. तळघराबद्दल दोन ओळी, आणि त्या दोन ओळींतही 'म्हणे', 'बहुतेक' आणि 'बघू' आलंय. म्हणजे ज्यात तुझा जीव आहे त्याची तुला खडानखडा माहिती आहे आणि ज्याची भीती वाटतेय त्याबद्दल तुला कोणी काही सांगितलेलंच नाहीये. म्हणून घाबरटपणाचं उत्तर आधीच देऊन टाकते, नाही, तू घाबरट नाहीस. काय होणार ते न सांगता, फोन काढून घेऊन कोणी तळघरात बसवणार असेल तर पोटात गोळा आलाच पाहिजे, तो येतो म्हणून माणूस वाचतो.

पण मला तुझ्या पत्रात दुसरीच गोष्ट जास्त खटकली. तू छत आणि तळघर एकाच पुडीत बांधलंयस. एक हवं तर दुसरं घ्यावंच लागणार असं धरून चाललायस. ती पुडी तू बांधलेली नाहीस, तुला ती तशी बांधून दिलीये, आणि ती सोडवून बघू या का आपण?

आधी छत. जे वाचक तिकडे गेलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगते, अमेरिकेतल्या टेक्निकल कॉलेजांत असल्या खोड्यांची फार जुनी आणि मला विचारशील तर फार सुंदर परंपरा आहे. बॉस्टनजवळच्या एमआयटीत ह्याला 'हॅक' म्हणतात, कॉम्प्युटरवाला हॅक नाही, हा वेगळा. मे १९९४ मध्ये एका सकाळी लोक बघतात तर मोठ्या घुमटावर, जमिनीपासून दीडशे फुटांच्या आसपास, कॅम्पस पोलिसांची गाडी उभी. वरचा दिवा लुकलुकतोय, आत पोलिसाचा पुतळा, सोबत डोनटचा खोका, आणि काचेला चुकीच्या जागी पार्किंग केल्याची पावती. गाडी म्हणजे जुन्या शेवरले कॅव्हेलियरचा नुसता बाहेरचा पत्रा, लाकडी सांगाड्यावर बसवलेला, तुकड्यातुकड्यांनी वर नेऊन रात्रीत जोडलेला. ज्या पोलिसांची थट्टा केली तेही हसले असतील अशी थट्टा. आणि ह्या हॅकवाल्यांचे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले नियम आहेत: कशाचं नुकसान करायचं नाही, कोणाला इजा होईल असं काही नाही, चोरी नाही, एकट्याने जायचं नाही, आणि जागा होती तशी किंवा त्याहून चांगली करून सोडायची. उतरवायचं कसं हे सांगणारी चिठ्ठीसुद्धा ठेवतात, मेंटेनन्सवाल्या माणसांना त्रास नको म्हणून. मला ह्या चिठ्ठीचं फार अप्रूप आहे.

किंवा जॉर्जिया टेकचा जॉर्ज बर्डेल घे. १९२७ साली एका पोराला चुकून अ‍ॅडमिशनचे दोन फॉर्म आले, त्याने दुसरा फॉर्म एका काल्पनिक मुलाच्या नावाने भरला आणि मग त्या काल्पनिक मुलाला खरंच शिकवलं, म्हणजे गृहपाठ दोनदा, परीक्षेचे पेपर दोनदा, हात ओळखू येऊ नये म्हणून थोडे थोडे बदलून, आणि १९३० मध्ये त्या नसलेल्या मुलाला डिग्री मिळवून दिली. छत नाही, दोर नाही, पोलीस नाहीत. ह्यातली मजा कुणाच्या घामाची आहे बघ, ज्याने खोडी काढली त्याच्याच.

२००६ ची तोफेची गोष्ट तुला माहिती असेलच. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक कॉलेजची दीड टनाहून जड जुनी तोफ एमआयटीच्या पोरांनी खोट्या मूव्हिंग कंपनीचे कपडे आणि कागदपत्रं करून पार देशाच्या दुसऱ्या टोकाला नेली. ती 'चोरी नाही' ह्या नियमात बसते का ह्यावर वाद घालता येईल. पण कॅलटेकची पोरं येऊन ती परत घेऊन गेली आणि जाताना तिच्या जागी खेळण्यातली एक छोटीशी तोफ ठेवून गेली, आणि दोन्हीकडचे लोक अजून ती गोष्ट हसत सांगतात. दोन्हीकडचे हसतात का, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता जरा अवघड उदाहरण, कारण तू म्हणशील की ही सगळी फ्रॅटच्या बाहेरची झाली. ऑक्टोबर १९५८, बॉस्टनकडून एमआयटीकडे जाणारा चार्ल्स नदीवरचा हार्वर्ड ब्रिज. एका फ्रॅटच्या सीनियरांनी प्लेज पोरांना सांगितलं, त्यांच्यातल्या सगळ्यात बुटक्या पोराने पूल मोजा. त्याचं नाव ऑलिव्हर स्मूट, उंची पाच फूट सात इंच. तो आडवा पडायचा, बाकीचे डोक्याशी खूण करायचे, तो उठून पुढे परत आडवा, आणि दमला तेव्हा मित्रांनी उचलून उचलून ठेवला. पूल भरला ३६४.४ स्मूट, एक कान कमीजास्त. त्या खुणा अजून त्या पुलावर आहेत, फ्रॅटची पोरं दरवेळी नव्याने रंगवतात, आणि १९८० च्या दशकात पूल दुरुस्त केला तेव्हा फुटपाथच्या काँक्रीटमधल्या रेघाही नेहमीच्या मापाने न मारता स्मूटच्या मापाने मारल्या. पुढे हा स्मूट अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या बोर्डाचा अध्यक्ष झाला आणि नंतर आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचाही, म्हणजे आख्ख्या जगाची मापं ठरवणाऱ्यांचा प्रमुख.

ही गोष्ट सगळे गोड म्हणून सांगतात आणि मलाही आवडते, पण मी ती वाचताना एकदा थांबतेच. थंडीच्या रात्री बुटका म्हणून निवडून एका पोराला पुलावर साडेतीनशेवेळा आडवं पाडलं, सीनियरांनी सांगितलं म्हणून. आज असं कोणी केलं तर मी प्रश्न विचारीन. मग ती गोष्ट टिकली कशामुळे? मला वाटतं, उघड्या पुलावर झालं, दमल्यावर बाकीच्या पोरांनी त्याला उचललं, आणि शेवटी जे उरलं ते सगळ्या गावाला दिसतं आणि त्याला स्वतःला आयुष्यभर मिरवता आलं. प्लेजला काम दिलं म्हणून ते वाईटच, असं मी म्हणत नाहीये. काम कसलं आणि ते करताना आजूबाजूची माणसं काय करतात ह्यावर आहे सगळं.

तर मी ही पुडी अशी सोडवते. हॅकमध्ये काम जगाला दिसतं आणि करणारे लपलेले असतात. हेझिंगमध्ये, म्हणजे तिकडच्या रॅगिंगमध्ये, काम बंद दाराआड चालतं आणि ज्याच्यावर चालतं तो मात्र सगळ्यांपुढे उघडा पडलेला असतो. हॅकमध्ये खोडी काढणारा राबतो, हेझिंगमध्ये ज्याची खोडी काढतात त्यालाच राबवतात. तुझा पसारा आवरणं, रात्री दोनच्या फेऱ्या, आणि तळघर, हे सगळं दुसऱ्या बाजूचं आहे, आणि तुझ्या कप्प्या पहिल्या बाजूच्या. मग तुझ्या फ्रॅटने दोन्ही एकत्र का ठेवलं असेल? कारण छतावरच्या गाडीची इज्जत तळघराला मिळते. 'आमची परंपरा' म्हटलं की तुझ्या डोळ्यांपुढे घुमट येतो आणि सही तू तळघरासाठी करतोस.

तळघराबद्दल आता मी स्पष्ट बोलणार आहे. १९९७ च्या सप्टेंबरात त्याच एमआयटीत, ज्याच्या हॅकचं मी इतकं कौतुक केलं, अठरा वर्षांचा एक मुलगा फ्रॅटच्या प्लेज कार्यक्रमात प्यायलेल्या दारूने कोमात गेला आणि तीन दिवसांनी वारला. त्याला कॉलेजात येऊन जेमतेम महिना झाला होता. त्या फ्रॅटवर मनुष्यवधाचा आणि हेझिंगचा खटला भरला, ती शाखा बंद झाली, २००० साली एमआयटीने आईवडिलांशी ६० लाख डॉलरची तडजोड केली, ज्यातले काही त्याच्या नावाच्या स्कॉलरशिपला गेले. आणि अजून एक केलं. तोवर तिथे हॉस्टेलच्या खोल्या सगळ्यांना पुरायच्या नाहीत, म्हणून नवीन पोरं आल्या आल्या पहिल्या काही दिवसांतच फ्रॅट निवडून तिथे राहायला जायची. २००२ पासून पहिल्या वर्षाच्या सगळ्यांनी कॅम्पसवरच राहायचं असा नियम केला. म्हणजे एवढ्या हुशार लोकांना एका मुलाच्या मरणानंतर कळलं की जो पोरगा नुकताच घर सोडून आलाय आणि ज्याला अजून कोणी ओळखत नाही त्याने त्या आठवड्यात आपली माणसं निवडू नयेत. तू तुझं बिड कुठल्या आठवड्यात घेतलंस? तीन आठवडे कोणाशी मराठीत सोड, नीट हिंदीतही बोलला नव्हतास असं तूच लिहिलंयस. तेव्हा कोणी पिझ्झा पुढे करून तुझ्या रोबोटबद्दल विचारलं. मी असते तर मीही हो म्हटलं असतं.

आणि 'पण इथे दोन देसी पोरंही आहेत' हे वाक्य तू आधार म्हणून लिहिलंयस, त्यावर नको राहूस. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका कॉलेजचा पहिल्या वर्षाचा मुलगा असाच गेला, एशियन अमेरिकन मुलांच्याच फ्रॅटमध्ये, डोळ्यांना पट्टी बांधून अंगावर धावून जायच्या विधीत. तो बेशुद्ध पडल्यावरही त्याला हॉस्पिटलात न्यायला उशीर केला गेला. आपल्यासारखी दिसणारी पोरं होती ती.

हे मी तुला बाहेरून सांगत नाहीये. नव्वदच्या दशकात मी इंजिनियरिंगच्या हॉस्टेलवर होते, कॉलेजचं नाव नको. 'इंट्रो' चालायची. रात्री अकराला कॉरिडॉरमध्ये ओळीने उभं राहायचं, नजर शर्टाच्या तिसऱ्या बटणावर, वर बघायचं नाही, नाव गाव मार्क सांगायचे आणि मग त्या सांगतील ते. मी सहन केलं, रडले, आणि मग त्याच सीनियर मुली नोट्स द्यायला लागल्या, आजारी पडले तेव्हा पेज करून दिली, आणि मला वाटलं त्या इंट्रोमुळेच ही माया मिळाली. पुढच्या वर्षी कॉरिडॉरमध्ये उभी राहून मी ओरडत होते. मला आठवतंय मला ते वाईट वाटतच नव्हतं, मला वाटत होतं मी त्यांना घडवतेय. त्यातली एक मुलगी दिवाळीच्या सुट्टीला घरी गेली ती परत आली नाही. कारण घरचं काहीतरी सांगितलं गेलं. कारण आम्ही होतो की नाही हे मला आजही माहीत नाही आणि मला तिची माफी मागता आलेली नाही. नोट्स आणि पेज इंट्रोशिवायही मिळाली असती, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. तर तू जेव्हा लिहितोस की 'एकदा ती रात्र गेली की मग आयुष्यभराचे भाऊ', तेव्हा तू एवढं विचार की पुढच्या वर्षी त्या तळघरात बाटल्या वाटायला कोण उभा असेल.

आता 'जबरदस्ती नसते' ह्याबद्दल. नसतेच, मान्य. कोणी नाक दाबून पाजणार नाहीये. पण सहा आठवडे ज्याला आवराआवर करायला लावली, रात्रीअपरात्री उठवलं, ओरडून घ्यायची सवय लावली, त्याच्यापुढे बाराजण बाटली घेऊन बसले की 'नाही' म्हणायची ताकद उरते किती? कायद्यालाही हे कळतं. मॅसॅच्युसेट्सचा हेझिंगविरोधी कायदा १९८५ चा आहे आणि त्यात सरळ लिहिलंय की समोरच्याची संमती होती हा बचाव चालणार नाही. तिथे होताना बघितलं आणि शक्य असून कळवलं नाही तर तोही गुन्हा आहे. आपल्याकडे महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुझं राज्य वेगळं आहे, तिथला कायदा तू काढून वाच, पण युनिव्हर्सिटीचा नियम तर नक्की असणार. आणि डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत देशपातळीवर कायदा झालाय, त्याने कॉलेजांना हेझिंगमध्ये दोषी ठरलेल्या संघटनांची नावं वेबसाइटवर टाकावी लागतात. आजच बस आणि तुझ्या फ्रॅटचं नाव त्या यादीत शोध. सापडलं तर पुढचं सगळं सोपं होईल. सापडलं नाही म्हणून मात्र निश्चिंत होऊ नकोस, बंद दाराआडचं सगळं यादीत येत नाही.

व्हिसाचं थोडक्यात. तू एकवीसचा नाहीस, म्हणजे तिथे दारू पिणं बेकायदेशीर आहे तुझ्यासाठी. युनिव्हर्सिटीने सस्पेंड केलं तर पूर्णवेळ विद्यार्थी ही ओळख जाते आणि तुझा एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, त्याच्यावरच उभा आहे. अटक झाली, पुढे केस सुटली, तरी पुढच्या प्रत्येक व्हिसा फॉर्मवर 'कधी अटक झाली होती का' ह्या प्रश्नाला हो लिहावं लागतं, आणि दारू पिऊन गाडी चालवताना नुसतं पकडल्यावरही व्हिसा रद्द झालेत. आणि हे फक्त तळघराला नाही, छतालाही लागू आहे बरं का. कुलूप उघडून रात्री बिल्डिंगमध्ये शिरणं हे अमेरिकन पोरासाठी दंड भरून सुटण्यासारखं असेल, तुझ्यासाठी ते घरावरच्या कर्जापर्यंत जातं. हे अन्यायाचं आहे. पण खरं आहे. युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला, आणि तिथे विद्यार्थ्यांसाठी वकील असतील तर त्यांना, 'माझ्या मित्राचा प्रश्न आहे' म्हणून विचारलंस तरी ते सांगतील.

मग करायचं काय. मला फ्रॅट ही गोष्टच वाईट वाटत नाही, हे आधी सांगते. अशी घरं आहेत जिथे पोरं एकत्र स्वयंपाक करतात, परीक्षेला एकमेकांना शिकवतात, आणि जुने सभासद तीस वर्षांनी नोकरीसाठी फोन उचलतात. तुझं घर त्यातलं आहे का हे बघायचा एक सोपा उपाय आहे, तो मी प्रत्येक अशा पोराला सांगेन, तिकडच्या फ्रॅटमध्ये असो की इकडच्या हॉस्टेलवर. प्लेजचं बघणाऱ्या सीनियरला दिवसाउजेडी, बाकी कोणी नसताना, तीन प्रश्न विचार. त्या रात्री काय होणार आहे? माझा फोन माझ्याकडे राहील का? मी एक थेंबही घेणार नाही आणि मला वाटेल तेव्हा उठून जाईन, चालेल का? आवाज न चढवता विचार, माफी न मागता विचार. 'अरे हो, काहीच हरकत नाही, काय काय आहे सांगतो बस' असं आलं तर विचार करायला जागा आहे. हसून टाळलं, किंवा 'विश्वास नाही का आमच्यावर' असं आलं, तर निघ. विश्वासाची भाषा जो फोन काढून घेतोय तो करतोय, हे लक्षात ठेव.

निघायचं तर भाषण नको, कारणं नकोत. दोन ओळी लिहून पाठव: 'मी प्लेज म्हणून थांबतोय, आजपासून. इथे जे जेवलो आणि हसलो त्याबद्दल मनापासून थँक्स.' बस. कारण दिलंस की ते कारण खोडायला चारजण येतील. आणि सहा आठवडे वाया जाण्याचं म्हणशील तर ते गेलेच आहेत, राहिलास तरी परत मिळणार नाहीत. तुला तिथे दोघं तिघं खरंच आवडलेत ना, त्यांना पुढच्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये चहाला बोलव, कॉफी म्हणा. जे येतील ते तुझे होते. कोणीच नाही आलं तर दुखेल, त्यावर मी फुंकर घालू शकत नाही.

आणि कप्प्या सोडू नकोस. खरंच नको. तुझं ते डिझाइन वाचून मला इतकं बरं वाटलं, कारण त्या चौदा ओळींत तू पहिल्यांदा तिकडचा झाल्यासारखा वाटलास. तुला छत लागत नाहीये, तुला सोबत राबणारी पोरं लागताहेत. एमआयटीच्या ईस्ट कॅम्पस हॉस्टेलची पोरं नवीन मुलांच्या स्वागताला अंगणात लाकडी रोलरकोस्टर उभा करायची, खराखुरा, बसून जाता येईल असा. नवीन आलेल्या पोराच्या हातात आल्या आल्या हातोडी. ओळख करून घ्यायची ह्याहून चांगली रीत मला तरी माहिती नाही. तुझ्या कॅम्पसवरही अशी माणसं असणार, वर्कशॉपमध्ये, रोबोटिक्सच्या टीममध्ये, रात्री उशिरा दिवा चालू असलेल्या कुठल्या तरी लॅबमध्ये. तुझी ती वस्तू छतावर न चढवता दोन झाडांच्या मधे लटकवता येईल का, मेंटेनन्सच्या माणसाला आधी विचारून, एका रविवारपुरती? विचारून केली तर खोडीची मजा जाते असं म्हणशील, पण ज्या हजारजणांना माहिती नाही ते सोमवारी सकाळी वर बघून थांबतीलच की.

घरी सांगायचं का? हो. पण सगळं एका दमात नाही. तू लिहितोस आई घाबरेल, बाबा कर्जाचा विषय काढतील. काढतीलही. पण त्यांना आत्ता जे कळतं ते फक्त तुझ्या आवाजावरून, आणि आयांना आवाजावरून सगळं कळतं, फक्त काय ते कळत नाही म्हणून त्या जास्त घाबरतात. फोनवर सुरुवात अशी कर: 'मी एका ग्रुपमध्ये गेलो होतो, मला तो पटला नाही, मी सोडलाय. मी ठीक आहे.' सोडल्यावर सांग म्हणजे त्यांना निर्णय घ्यायचा राहणार नाही, नुसतं ऐकायचं राहील. आणि एकटं वाटत होतं हे पण सांग. ते तू अजून कोणालाच सांगितलेलं नाहीयेस, मला सोडून.

राहिला तुझा रूममेट. तू तीन ओळींत त्याचं लिहिलंस पण मला त्याचीच काळजी जास्त लागलीये. तो राहणार म्हणतोय, त्याला तू ओढून आणू शकत नाहीस. भांडू नकोस, नाहीतर त्या रात्री तो तुला फोन करणार नाही. त्याला एवढं सांग की कितीही वाजता, कसल्याही अवस्थेत, मी येईन आणि काही विचारणार नाही. फोन जमा होणार आहेत म्हणून तुझा नंबर कागदावर लिहून त्याच्या खिशात दे. किती वाजता परत येणार ते ठरवून घ्या, नाही आला तर तू त्या घराच्या दारात जाऊन उभा राहा.

आणि हे पाठ कर, कारण ह्यानेच माणसं गेली आहेत: 'झोपू दे, उतरेल' हे खोटं आहे. पिणं थांबवल्यावरही पोटातली दारू रक्तात चढतच राहते. हलवून, चिमटा काढून जागा होत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी असेल किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांचं अंतर पडत असेल, अंग गार किंवा निळसर वाटत असेल, बेशुद्धीत उलटी होत असेल, ह्यातलं एक जरी दिसलं तरी ९११, तिथला इमर्जन्सी नंबर, लाव. सगळी लक्षणं दिसायची वाट बघू नकोस. त्याला एका कुशीवर वळव, पाठीवर ठेवू नकोस, कॉफी नाही, थंड पाण्याची आंघोळ नाही, आणि अँब्युलन्स येईपर्यंत एक मिनिटही एकटं सोडू नकोस. मदत मागवणाऱ्याला दारूच्या नियमातून सूट देणारे नियम बऱ्याच युनिव्हर्सिटीत आहेत, तुमच्याकडे आहे का ते आजच बघून ठेव, पण नसला तरी फोन लाव. फ्रॅटवाले दारात अडवून म्हणतील की आपण बघून घेऊ, घराचं नाव जाईल. त्यांच्याशी वाद घालत बसू नकोस, बोलता बोलता नंबर दाब.